तापवणारी पट्टी, ठाव घेणारी पट्टी

थेंब तापवायचा असेल, तर तो आहे कुठे हे आधी कळले पाहिजे. विधान इतके साधे आहे की ते मुद्दाम लिहावे असे कुणाला वाटणार नाही. तरीही मायक्रोफ्लुइडिक चिपच्या जगात ही दोन कामे बरीच वर्षे वेगवेगळ्या साधनांकडे, आणि बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे, सोपवलेली होती. तापवण्यासाठी चिपच्या खाली धातूचा गरम ठोकळा असे आणि पाहण्यासाठी वर सूक्ष्मदर्शक व कॅमेरा. मधल्या चिपला ना स्वतःची ऊब, ना स्वतःची नजर. चिप जेमतेम दोन बोटे रुंद आणि तिच्याभोवतीची यंत्रसामग्री मात्र टेबल भरून, असे चित्र प्रयोगशाळांमध्ये सर्रास दिसे. थेंबाला ऊब देणे आणि थेंबाचा ठाव घेणे ही दोन्ही कामे चिपच्या आत, जमेल तिथे एकाच धातूच्या पट्टीकडून, कशी करून घ्यायची हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय अरुंद वाटेल, पण त्याच्या पोटात उष्णताशास्त्र, विद्युतशास्त्र, द्रवांचे वर्तन आणि संगणकीय नियंत्रण या चारही शाखा येतात. म्हणून मूळ मजकुराकडे वळण्यापूर्वी वाचकाला थोडी पूर्वतयारी करून द्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे अगदी थोड्या द्रवावर, बारीक वाटांमधून किंवा सपाट पृष्ठभागावर, प्रयोग करण्याचे तंत्र. 'थोडा' म्हणजे किती? एक मायक्रोलिटर म्हणजे एक घनमिलिमीटर, आणि नॅनोलिटर त्याचा हजारावा भाग. प्रयोगशाळेतले नमुना घेणे, मिसळणे, वेगळे करणे, मोजणे हे सगळे टप्पे एका चकतीवर आणावेत ही कल्पना आंद्रेआस मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये मांडली, आणि पुढच्या दशकात तिने जोर धरला. यात दोन घराणी आहेत. एका घराण्यात द्रव खोदलेल्या नळ्यांमधून सलग वाहतो. त्याची वाट चिप घडवतानाच ठरून जाते, त्यामुळे तो कुठे आहे हा प्रश्न फारसा उठत नाही. दुसऱ्या घराण्यात सुटे थेंब सपाट पृष्ठभागावर हिंडतात, आणि कोणता थेंब कुठे जाणार हे ऐन वेळी, आज्ञावलीने ठरते. त्याला डिजिटल मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. आपला प्रश्न खऱ्या अर्थाने याच घराण्याचा आहे, कारण इथे थेंब चुकू शकतो.

ऊब कशाला लागते? जीवशास्त्रातल्या बहुतेक महत्त्वाच्या अभिक्रियांना ठरावीक तापमान लागते म्हणून. सर्वांच्या कानावरून गेलेले उदाहरण डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआरचे. कॅरी म्युलिस यांनी १९८३मध्ये ही पद्धत शोधली आणि त्यासाठी १९९३मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डीएनएचे दोन धागे सुमारे ९५ अंश सेल्सिअसला सुटे करायचे, ५५ ते ६० अंशांच्या आसपास प्रायमर, म्हणजे नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, चिकटू द्यायचे, ७२ अंशांना नवा धागा वाढू द्यायचा, आणि हे आवर्तन तीस-चाळीस वेळा करायचे. इतका ताप सोसणारे टॅक हे विकर येलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या 'थर्मस ॲक्वाटिकस' या जिवाणूकडून मिळाले. त्याच कामासाठी २०००मध्ये जपानी संशोधकांनी मांडलेल्या लॅम्प पद्धतीत तापमान वरखाली करावे लागत नाही, ६० ते ६५ अंशांना स्थिर ठेवले की पुरते. पण दोन्हींत अट एकच: थेंबाचे तापमान नेमके हवे. दोन-तीन अंशांची चूक झाली तर प्रायमर नको तिथे चिकटतात किंवा चिकटतच नाहीत.

आता थोडा हिशोब करू. अडीच मिलिमीटर लांब-रुंद चौकोनावर, ०.१८ मिलिमीटर उंचीच्या फटीत बसलेला थेंब सुमारे १.१ मायक्रोलिटरचा होतो. त्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.७ मिलिज्यूल उष्णता पुरते. २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला एक ज्यूलचा तिसरा हिस्सा. हे ऐकून चिपवर तापवणे अगदी स्वस्त आहे असा समज होतो. पण तो थेंब ज्यावर बसला आहे त्या १.१ मिलिमीटर जाडीच्या काचेचा तेवढाच तुकडा घेतला तर त्याची उष्माधारकता थेंबाच्या तिप्पट भरते, आणि काच काही तेवढ्या तुकड्यापुरती नसते. ठोकळ्यावर ठेवून सगळी चिप तापवली की उष्णतेचा फार मोठा वाटा काचेत जातो, आणि थेंबाला हवे तेव्हा पटकन थंडही होता येत नाही. शिवाय शेजारच्या चौकोनावर थंडच राहायला हवा असा दुसरा थेंब असला तर तोही नाहक शिजतो. म्हणून हीटर थेंबाच्या अगदी जवळ हवा, लहान हवा, आणि थेंब त्याच्यावर असेल तेव्हाच तापायला हवा. या शेवटच्या अटीतून ठाव घेण्याचा प्रश्न निघतो.

पण त्याचे आणखी खोल कारण आहे: ऊब थेंबाला जागेवर राहू देत नाही. पाण्याचा पृष्ठताण २० अंशांना मीटरमागे ७२.८ मिलिन्यूटन असतो आणि ९५ अंशांपर्यंत तो साधारण ६०वर उतरतो. थेंबाची एक कड गरम आणि दुसरी थंड असली तर पृष्ठभागावरचा हा फरक द्रवाला थंड बाजूकडे ओढतो. एकोणिसाव्या शतकातले इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांचे नाव या परिणामाला मिळाले आहे. तापलेल्या थेंबाची श्यानताही कमी होते. पाण्याच्या बाबतीत ९५ अंशांना ती २० अंशांच्या मानाने एक तृतीयांशाहूनही खाली जाते, त्यामुळे तो सहज सरकतो. वर बाष्पीभवन आहेच: थेंब जागेवर राहिला तरी त्याचा आकार राहत नाही. म्हणजे हीटर सुरू केला की त्या क्षणापासून थेंबाची जागा आणि माप यांविषयी आपल्याला असलेली माहिती जुनी होऊ लागते. हे पुस्तक ज्या एका विचारावर उभे आहे तो असा: चिपवर तापमान आणि जागा या दोन स्वतंत्र राशी नाहीत. एकीत हात घातला की दुसरी हलते. त्यामुळे त्यांची आखणीही एकाच कागदावर व्हायला हवी.

हा विचार प्रत्यक्षात आणणारे एक सुरेख काम प्रिन्स्टन विद्यापीठात झाले. अँटन दारह्यूबर, सँड्रा ट्रोयन, सिगर्ड वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये सूक्ष्म हीटरांच्या रांगा वापरून थेंब हलवून दाखवले. पृष्ठभागावर काही पट्टे द्रवाला जवळ करणारे आणि काही दूर लोटणारे अशी रासायनिक नक्षी होती, खाली एकेक करून चालू-बंद करता येणारे हीटर होते, आणि थेंब गरम भागाकडून थंड भागाकडे जात असे. पंप नाही, झडप नाही. केवळ ऊब देऊन थेंब चालवायचा. मग पुढचा प्रश्न साहजिकच आला: तो कुठवर पोचला हे कसे कळायचे? जियान चेन यांच्यासह याच गटाने २००४मध्ये 'लॅब ऑन अ चिप' या नियतकालिकात त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी शेजारी शेजारी आखलेल्या धातूच्या पट्ट्यांचा असा संवेदक केला, की त्याच पट्ट्या रोधक हीटर म्हणूनही वापरता याव्यात.

त्याचे तत्त्व कपॅसिटन्सचे आहे. दोन पट्ट्यांमध्ये विद्युत विभवांतर दिले की क्षेत्ररेषा एका पट्टीतून निघून वरच्या जागेतून कमानीसारख्या वळतात आणि दुसरीत उतरतात. त्या कमानीत हवा असेल तर कपॅसिटन्स कमी, द्रव असेल तर जास्त. मोबाइलच्या पडद्याला बोट लागल्याचे कळते ते याच तत्त्वाने. प्रिन्स्टनच्या संवेदकाला सुमारे ०.०३ पिकोफॅरडपर्यंतचा बदल ओळखता येई आणि त्यासाठी त्याला साधारण १० मिलिसेकंद लागत. नॅनोलिटरच्या थेंबासाठी एवढे पुरेसे होते. थेंबाची जागा, त्याचे माप, त्याची घडण, ग्लिसरिनसारख्या ओलावा ओढणाऱ्या द्रवाने किती पाणी शोषले, आणि बाष्पीभवनाने तो किती वेगाने झिजतो आहे, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे त्याच आकड्यातून काढता येतात हे त्यांनी दाखवले.

या कामातला एक निष्कर्ष प्रत्येक आराखडाकाराने पाठ करून ठेवावा असा आहे. पट्टी किती रुंद असावी? अरुंद पट्ट्या घेतल्या तर जागा बारकाईने कळते, पण क्षेत्ररेषांची कमान बुटकी राहते, द्रवाच्या वरच्या भागापर्यंत पोचत नाही आणि संकेत क्षीण होतो. रुंद पट्ट्यांनी संकेत दणकट होतो, पण थेंबाची कड नेमकी कुठे आहे ते धूसर होते. प्रयोग आणि संगणकीय गणित दोन्हींनी सांगितले की पट्टीची रुंदी मोजायच्या द्रवाच्या जाडीइतकी असली म्हणजे तडजोड उत्तम साधते. थेंब मधोमध उंच आणि कडेला पातळ असतो, म्हणून त्यांनी मधल्या पट्ट्या रुंद ठेवून संकेत वाढवला. पट्टीचे रूप ठरवताना अशी द्रवाची आकृती विचारात घ्यावी लागते. आणि याच रुंदीवर पट्टीचा विद्युत रोध, पर्यायाने तिची तापण्याची क्षमता, अवलंबून असते. एक रेघ बदलली की दोन्ही गणिते पुन्हा मांडावी लागतात.

इथे एक सूक्ष्म विरोध आहे. कपॅसिटन्स मोजणाऱ्या पट्टीला तिच्या संपूर्ण लांबीवर एकच विभव हवे असते. हीटरमध्ये मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विभव उतरत गेलेच पाहिजे, नाहीतर धारा वाहणार कशी आणि उष्णता निघणार कशी? एकाच पट्टीकडून दोन्ही कामे घ्यायची तर तिला दोन टोकांना दोन जोडण्या द्याव्या लागतात. तापवताना एका टोकातून धारा आत, दुसऱ्यातून बाहेर. मोजताना दोन्ही टोके एकाच विभवावर आणून सगळी पट्टी एक पत्रा समजायची. किंवा मग तापवण्यासाठी एकदिश धारा आणि मोजण्यासाठी तिच्यावर बसवलेला उच्च वारंवारतेचा बारीक संकेत, असे दोन्ही एकाच वेळी चालवून नंतर फिल्टरने वेगळे करायचे. पहिली वाट सोपी, दुसरी जलद.

याच पट्टीकडून तिसरे कामही फुकटात होते. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. प्लॅटिनमचा अंशामागे सुमारे ०.३८५ टक्के, तांब्याचा सुमारे ०.३९ टक्के. म्हणजे हीटरचा रोध मोजला की तोच तापमापक होतो. २५ अंशांना १० ओहम असलेली तांब्याची नागमोडी पट्टी ९५ अंशांना १२.७ ओहमच्या घरात जाते. अर्ध्या अंशाची नेमकाई हवी असेल तर साधारण ०.०२ ओहमचा फरक ओळखता आला पाहिजे. जोडणीच्या तारांचा रोध त्यात मिसळला तर हा फरक बुडून जातो. म्हणून धारा दोन तारांनी न्यायची आणि व्होल्टेज दुसऱ्या दोन तारांनी मोजायचे, ही चार तारांची जुनी पद्धत इथे अनिवार्य ठरते. पट्टीचे तापमान आणि थेंबाचे तापमान एकच नसते, मध्ये थर असतात, हेही सतत ध्यानात ठेवावे लागते.

आतापर्यंत ऊबच थेंबाला ढकलत होती. आज अधिक रूढ असलेली पद्धत विजेने थेंब ओढण्याची आहे. गॅब्रिएल लिपमन यांनी १८७५मध्ये पाऱ्यावर प्रयोग करून व्होल्टेजने द्रवाच्या कडेचे वर्तन बदलते हे दाखवले. (त्यांना १९०८मध्ये मिळालेले नोबेल मात्र रंगीत छायाचित्रणासाठी होते.) द्रव आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये विद्युतरोधक पातळ थर घालण्याची युक्ती ब्रुनो बर्ज यांनी १९९३मध्ये केली आणि पाण्याच्या थेंबाला ती चालू लागली. २०००मध्ये ड्यूक विद्यापीठात मायकेल पोलॅक, रिचर्ड फेअर आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोडांच्या रांगेवर थेंब चालवला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चांग-जिन किम यांच्या गटाने २००३मध्ये थेंब निर्माण करणे, नेणे, तोडणे, जोडणे ही चारही कामे करून दाखवली. या चिपमध्ये थेंब दोन सपाट पाट्यांच्या फटीत असतो. खाली चौकोनी इलेक्ट्रोड, त्यावर विद्युतरोधक थर, त्यावर पाणी न धरणारा टेफ्लॉनसारखा लेप, वर पारदर्शक वाहक लेपाची काच. शेजारच्या चौकोनाला शंभर ते तीनशे व्होल्टचा उलटसुलट विद्युतदाब दिला की थेंब तिकडे सरकतो.

या रचनेत ठाव घेणे आणखी सोपे वाटते, कारण थेंब ओढणारा इलेक्ट्रोड स्वतःच कपॅसिटर असतो. वर घेतलेलाच अडीच मिलिमीटरचा चौकोन घ्या. त्यावर ५ मायक्रोमीटर जाड पॅरिलीन या विद्युतरोधक प्लास्टिकचा थर असेल तर थेंबाने पूर्ण झाकलेल्या चौकोनाचा कपॅसिटन्स सुमारे ३३ पिकोफॅरड येतो. थेंब नसेल आणि फटीत हवा असेल तर जेमतेम ०.३ पिकोफॅरड. शंभरपट फरक! चौकोन अर्धा झाकला तर आकडा साधारण अर्धा. म्हणजे थेंब आला का एवढेच नव्हे, किती आला हेही कळते. टोरोंटो विद्यापीठात ॲरन व्हीलर यांच्या प्रयोगशाळेने २०१३मध्ये जाहीर केलेली 'ड्रॉपबॉट' ही सर्वांसाठी खुली नियंत्रण-प्रणाली याच मोजमापातून थेंबाचा क्षणाक्षणाचा वेग काढते. स्वित्झर्लंडमधल्या उर्स गाउडेन्झ यांनी केलेला 'ओपनड्रॉप' हाही असाच खुला आराखडा आहे, आणि तो साध्या प्रिंटेड सर्किट बोर्डावर बनतो.

मग अशा चिपमध्ये हीटर बसवायचा कुठे? उष्णताशास्त्र म्हणते, इलेक्ट्रोडच्या अगदी खाली, जितका जवळ तितका बरा. विद्युतशास्त्र लगेच हरकत घेते. इलेक्ट्रोड आणि त्याखालचा हीटर हाही एक कपॅसिटरच झाला. दोघांमध्ये १ मायक्रोमीटर जाडीचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर असेल तर तेवढ्याच चौकोनाचा हा नको असलेला कपॅसिटन्स २१६ पिकोफॅरडच्या आसपास भरतो. ज्या संकेताची आपल्याला गरज आहे तो ३३चा, आणि त्याच्या शेजारी २१६चा गोंगाट. त्याऐवजी सर्किट बोर्डाच्या ०.१ मिलिमीटर जाडीच्या फायबरग्लास थराखाली हीटर ठेवला तर हा आकडा अडीच पिकोफॅरडवर येतो आणि ठाव स्वच्छ लागतो. पण फायबरग्लास उष्णतेचा मंद वाहक असल्याने तापमान सावकाश चढते आणि पट्टी व थेंब यांच्यातला फरक वाढतो. या पुस्तकातली बहुतेक सगळी भांडणे अखेर याच एका थराच्या जाडीवरून आहेत.

त्यातून बाहेर पडायचे तीन मार्ग आहेत. पहिला, वेळा वाटून घेण्याचा. एकाच चुलीवर दोन जावांना स्वयंपाक करायचा असेल तर वेळा ठरवून घ्याव्या लागतात, तसे तापवणे थांबवून मोजायचे आणि मोजून झाले की पुन्हा तापवायचे. हे परवडते, कारण उष्णता सावकाश चालते. ०.१८ मिलिमीटरच्या पाण्यातून तिला पार व्हायला सुमारे पाव सेकंद लागतो, एक मिलिमीटर काचेतून सुमारे २ सेकंद. मोजमाप त्यामानाने मिलिसेकंदांचे. तेवढी विश्रांती थेंबाला कळतही नाही. दुसरा मार्ग ढालीचा: मोजताना हीटरच्या थराला इलेक्ट्रोडइतकेच व्होल्टेज द्यायचे. दोन पत्र्यांत विभवांतरच उरले नाही की त्यांच्यात भार वाहत नाही, आणि २१६चा आकडा मोजमापापुरता नाहीसा होतो. इतकेच नव्हे, तोच थर खालून येणारा बाहेरचा गोंगाटही अडवतो. तिसरा मार्ग विलीनीकरणाचा: इलेक्ट्रोड भरीव चौकोन न ठेवता नागमोडी पट्टीच करायचा, म्हणजे थेंब ओढणारा, तापवणारा, तापमान मोजणारा आणि ठाव घेणारा धातू एकच. खालचा थर गेला, त्यासोबत नको असलेला कपॅसिटन्सही गेला. पण आता एकाच तारेवर शेकडो व्होल्टचा दाब आणि मिलिव्होल्टचे मोजमाप यांना नांदावे लागते. त्यामुळे स्विचिंगच्या सर्किटचा खर्च आणि जोखीम दोन्ही वाढतात.

ऊब मोजमापातही ढवळाढवळ करते. शुद्ध पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २० अंशांना ८०च्या आसपास असतो आणि १०० अंशांना ५६पर्यंत उतरतो. प्रिन्स्टनच्या रचनेसारख्या, द्रवाच्या आतून क्षेत्ररेषा जाणाऱ्या संवेदकात असा उतार 'थेंब आटला' असा खोटा अर्थ देऊ शकतो. दोन पाट्यांच्या फटीतल्या खारट थेंबाची गोष्ट वेगळी. काही हजार हर्ट्झला तो जवळपास वाहकच असतो, त्यामुळे पाण्याच्या स्थिरांकापेक्षा विद्युतरोधक थराचे तापमानानुसार बदलणे अधिक महत्त्वाचे ठरते. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो या जोडकामाची खरी कमाई आहे: तापमान त्याच पट्टीकडून, त्याच क्षणी कळत असल्यामुळे वाचनाला तिथल्या तिथे दुरुस्ती लावता येते. वेगळा ठोकळा आणि वेगळा कॅमेरा यांना ही सोय नव्हती.

मग उरते वाचनाचा अर्थ लावणे. आकडा घसरला तर काय झाले? थेंब सरकला असेल, आटला असेल, किंवा विरघळलेली हवा ९५ अंशांना सुटून त्यात बुडबुडा धरला असेल. एका चौकोनाच्या वाचनावरून हे सांगता येत नाही. शेजाऱ्यांची वाचने पाहावी लागतात. इकडचा आकडा उतरला आणि पलीकडचा चढला तर थेंब सरकला. सगळ्यांची बेरीज सावकाश, सतत उतरत असेल तर बाष्पीभवन. एकदम उतरून तशीच राहिली तर बुडबुड्याचा संशय. निदान झाले की उपचार ठरतो: सरकलेल्या थेंबाला परत ओढायचे, आटलेल्यात पाण्याचा नवा थेंब मिसळायचा, बुडबुड्यासाठी तापमान उतरवून थांबायचे. मोजमापाला पुढची कृती जोडली की चिप स्वतःला सावरू लागते. ड्यूकमधून निघालेल्या 'ॲडव्हान्स्ड लिक्विड लॉजिक' कंपनीच्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलेल्या पीसीआरमध्ये हीटर ठरावीक तापमानावर स्थिर होते आणि थेंबच त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होता. अशा पद्धतीत थेंब वेळेवर पोचला की नाही हाच तापमानाचा प्रश्न बनतो.

चौकोनांची संख्या वाढली की तारा वाढतात, आणि प्रत्येकाला ओढणे, तापवणे, मोजणे यांसाठी वेगळ्या तारा देणे अशक्य होते. ऑक्सफर्डच्या शार्प प्रयोगशाळेने २०१२मध्ये दूरचित्रवाणीच्या पडद्यांतले पातळ थराचे ट्रान्झिस्टर वापरून ६४ × ६४, म्हणजे ४,०९६ इलेक्ट्रोडांची चिप केली आणि प्रत्येक इलेक्ट्रोडपाशीच थेंब ओळखणारे सर्किट बसवले. निदान ठाव घेण्यापुरता तारांचा प्रश्न सुटू शकतो हे त्यातून दिसले.

आपल्या जवळचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. गोव्यात मुख्यालय असलेल्या मोलबायो डायग्नॉस्टिक्सची 'ट्रूनॅट' चाचणी क्षयरोगाच्या निदानासाठी देशभर वापरली जाते, आणि २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तिची शिफारस केली. तिच्यामागचे संशोधन बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जचे. त्यांच्या पेटंटांमध्ये वर्णन केलेल्या सिरॅमिक चिपमध्ये हीटर आणि तापमापक थरांच्या आतच पुरलेले असतात. ऊब चिपच्या पोटात न्यायचे अर्धे काम इथे झालेले आहे. ठाव घेण्याची गरज मात्र पडत नाही, कारण ६ मायक्रोलिटर नमुना माणूस पिपेटने एका ठरलेल्या खळग्यात घालतो आणि तो तिथेच राहतो. साधेपणा हाही आराखड्याचा गुण आहे, आणि जिथे थेंब हलवायचाच नाही तिथे संवेदकांची रांग लावणे ही उधळपट्टी होईल. पण नमुन्यापासून निकालापर्यंतचे सगळे टप्पे माणसाच्या हाताविना एकाच चिपवर व्हावेत असे वाटत असेल, तर थेंबाला हिंडावे लागेल आणि त्याच्यावर लक्षही ठेवावे लागेल. व्हीलर यांच्या गटाने आपले उपकरण केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत नेऊन गोवर आणि रुबेलाच्या प्रतिपिंडांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी सूक्ष्मदर्शकाशी बसून थेंब अडकला का हे पाहणारा तज्ज्ञ गृहीत धरता येत नाही. चिपलाच ते कळले पाहिजे.

हे पुस्तक कुणासाठी? इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आणि दुसऱ्या शाखेच्या भाषेला बिचकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी. ओहमचा नियम, समांतर पत्र्यांचा कपॅसिटर आणि विशिष्ट उष्मा एवढे ठाऊक असले तर पुढची गणिते अडणार नाहीत. सिलिकॉनवरचे महागडे कारखानी तंत्र इथे थोडक्यात आटोपले आहे. भर आहे तो काच आणि सर्किट बोर्ड यांवर, कारण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला तेच परवडते. एक सावधगिरी मात्र: थेंब ओढायला लागणारे व्होल्टेज जिवाला धोकादायक ठरू शकते. मर्यादित धारा देणारा स्रोत आणि अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय काहीही जोडू नये.

आपल्याकडे उष्णतेचा तास एका विभागात होतो, संवेदकांचा दुसऱ्या, आणि द्रवांचा तिसऱ्या. मग प्रकल्पात एक विद्यार्थी हीटर आखतो, दुसरा संवेदक आखतो, आणि शेवटच्या आठवड्यात दोन्ही एकावर एक ठेवले की २१६ पिकोफॅरडचे भूत उभे राहते. तेव्हा ते कुणाच्याच अभ्यासक्रमात नसते. या पुस्तकाचा आग्रह म्हणून एवढाच आहे की पहिली रेघ ओढण्यापूर्वी दोघांनी एकत्र बसून थराची जाडी ठरवावी, पट्टीची रुंदी ठरवावी आणि मोजण्याच्या वेळा ठरवाव्यात. या तीन आकड्यांवर दोघांचे एकमत झाले तर बाकीचे नंतर सुधारता येते. त्यांवर मतभेद राहिला तर पुढे लिहिलेली कितीही हुशार आज्ञावली चिपला वाचवू शकत नाही.